साडेसातला कोण जाणार?

नव्या मालिकेचा प्रोमो पडला की आमच्या अकलोलीत पहिला प्रश्न नायिका कोण हा नसतो. नायक कोण, सासू कोण, खलनायिकेच्या भुवया कपाळात कुठवर गेल्यात, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न, ‘‘म्हणजे आता कोण जाणार?’’

प्रश्न रास्त आहे. साडेसहा ते साडेदहा एवढीच संध्याकाळ देवाने दिली आहे. तिच्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आठ खोल्या, आणि आठही खोल्यांत भाडेकरू भरलेले. नववा यायचा म्हणजे कुणाला तरी वळकटी बांधावी लागणार. कुणाला, ते चॅनेल सांगत नाही. प्रोमोत नायिका पावसात धावते, हातातलं पूजेचं ताट उडतं, नायक ते झेलतो, कुंकू मात्र बरोबर तिच्या भांगात पडतं आणि खाली अक्षरं येतात, ‘लवकरच’. तारीख नाही, वेळ नाही. एवढ्या भांडवलावर आमच्या गावाचे पुढचे कितीतरी आठवडे मजेत जातात.

अकलोली म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं, वज्रेश्वरीच्या शेजारचं गाव. आमच्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी गरम का, याची जमिनीखालची कारणं गुरुजी शाळेत सांगतात. खरं कारण आम्हाला ठाऊक आहे. देवीने इथे दैत्य मारले, त्यांचं रक्त अजून तापलेलंच आहे. मरून युगं लोटली तरी ज्यांचा ताप उतरत नाही असे खलनायक ज्या गावाच्या पायाखाली आहेत, त्या गावाला मालिकेतली खलनायिका तिसऱ्यांदा तुरुंगातून सुटली तर नवल ते कसलं वाटणार?

सकाळची बैठक कुंडाच्या काठावर. बाहेरगावचे लोक इथे त्वचा सुधारायला येतात, आम्ही गुडघे शेकायला. पाय पाण्यात सोडले की प्रत्येक पुरुष एकाच वाक्याने सुरुवात करतो.

‘‘आपण काय मालिका बघत नाय. बायको लावते.’’

‘‘आमच्याकडे पण. सून लावते.’’

‘‘पण साडेसातची जाणार, लिहून घे. काय राहिलंय तिच्यात? दोन्ही पोरींची लग्नं झाली, कंपनी परत मिळाली, आजी कोमातून उठली.’’

‘‘आजी कुठं उठली?’’

‘‘उठली. बुधवारी बोट हलवलं.’’

‘‘बोट हलवलं म्हणजे उठली होय? दिवाळीत पण हलवलं होतं.’’

मालिका न बघणाऱ्या चार माणसांत त्या बोटावरून अर्धा तास वाद होतो. उजव्या हाताचं की डाव्या, यावर दोन तट पडतात. ग्रामसभा भरायची तर 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यातले जे कमी असतील तेवढे जमावे लागतात. तेवढ्यांची वाट बघत खुर्च्या मांडलेल्या कुठल्याही गावात दिसतील. साडेसातच्या भवितव्यावर बोलायला मात्र कोरम कधी कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

मीसुद्धा बघत नाही. त्या वेळात मी टीव्हीसमोर बसून पेपर वाचतो. सकाळचाच. पेपर थोडा खाली धरावा लागतो, कारण वर धरला की हात दुखतात.

‘‘अहो, पान कधी उलटणार?’’ बायको विचारते.

‘‘अग्रलेख आहे. गहन आहे.’’

ब्रेक लागला की मी पान उलटतो.

या विषयातला आमच्या घराण्याचा अधिकार आत्याकडे आहे. तिला मालिकेच्या मरणाची लक्षणं कळतात. घरातली माणसं अचानक एकमेकांना माफ करायला लागली की ती पोथी मिटावी तसा चष्मा मिटते. ‘‘आवरतं घेतायत,’’ म्हणते. परदेशी गेलेला थोरला मुलगा परत आला तरी धोका; नट तोच असेल तर जास्तच धोका. सगळं कुटुंब एका चौकटीत उभं राहून हसलं, की मग शनिवारपर्यंतही आशा धरायची नाही. आणि मालिकेत भरपूर अन्याय चालू असेल, नायिकेला रात्री घराबाहेर काढलं असेल, दागिने चोरल्याचा आळ आला असेल, तर आत्या समाधानाने कूस बदलते. ‘‘अजून दीड वर्ष काही होत नाही.’’

तिची ही ख्याती झाली 2024 मध्ये. स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली, आणि मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती साडेसातला आमच्या घरी येऊन बसायला लागली. टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली तेवढाच काय तो खंड. पुढे मार्च 2024 मध्ये ‘घरोघरी मातीच्या चुली’ आली आणि अरुंधतीची रवानगी झाली दुपारी अडीचला. आत्याने त्या दिवशी जेवण सोडलं नाही, पण लोणचं सोडलं.

‘‘अगं, उलट बरं झालं,’’ मी म्हणालो. ‘‘दुपारी निवांत बघशील.’’

‘‘अडीचला निवांत बघायला नाही पाठवत कोणी. दाराजवळ नेऊन ठेवतात.’’

नोव्हेंबर संपता संपता मालिका संपली. तेव्हापासून आत्याचा शब्द गावात प्रमाण आहे, आणि ‘अडीचला पाठवणं’ हा वाक्प्रचारही. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला अडीचला पाठवलेलं असतं. आमच्या थोरल्या काकांकडून दुकानाच्या किल्ल्या मुलाने काढून घेतल्या, तेव्हा काकू सगळ्यांना तेवढंच सांगत होत्या, ‘‘ह्यांना अडीचला पाठवलंय हो.’’

यंदाच्या प्रोमोनंतर आत्याने नुसतं भाकीत केलं नाही, थेट वज्रेश्वरीला जाऊन नवस बोलून आली. तिची आवडती मालिका आठची. देवळाच्या 52 पायऱ्या गुडघे धरून चढली. मी म्हणालो, ‘‘मालिकेसाठी नवस? देवी काय म्हणेल?’’

‘‘चिमाजीअप्पाने बोललेला चालला ना? त्याला अख्खी वसई दिली तिने. मला अर्धा तास द्यायला काय जातंय?’’

चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर नवस फेडायला ते किल्ल्यासारखं देऊळ बांधवलं. आत्या नवसात काय बोलली ते सांगत नाही. पण त्या दिवसापासून तिने बायकोच्या मागे लागून आठवाल्या नायिकेसारखी साडी शोधायला लावली आहे, त्यावरून ओटी कशाने भरायची हे ठरलेलं दिसतं.

एवढं करूनही आत्या नुसत्या श्रद्धेवर विसंबत नाही. बाहेरून बातमी काढते. त्यासाठी आम्हाला भिवंडीच्या गोदामांचा उपयोग होतो. भिवंडी एकेकाळी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध होती, आता गोदामांसाठी आहे. देशभरातून मागवलेलं सामान तिथे येतं आणि देशभरातली माणसंही. आमचा पुतण्या अशाच एका गोदामात कामाला आहे आणि त्याचा सुपरवायझर तमिळ आहे. एकदा डबा खाताना दोघांच्या लक्षात आलं की आपल्या दोघांच्या आया एकच मालिका बघतात. आपल्याकडची ‘ठरलं तर मग’ डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली, ती सन टीव्हीच्या ‘रोजा’वर बेतलेली, ‘रोजा’ 2018 ते 2022 चालली. म्हणजे हा माणूस आमच्या भविष्यातून आलेला! पुतण्याने ही बातमी घरी सांगितली, त्या दिवसापासून सुपरवायझरला रोज आमच्याकडून भाकरी आणि सुकटीची चटणी जायला लागली.

त्याचे निरोप संध्याकाळी यायचे.

‘‘तो विचारत होता, घरच्यांना कळलं का, की ही सायलीच खरी तन्वी आहे ते?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘तो म्हणतो, हमारे में भी बहोत टाइम लगा.’’

आत्याने ‘रोजा’च्या वर्षांचा हिशेब मांडला, आपल्या मालिकेला साडेचार वर्षं दिली, पंचांगाच्या मागच्या पानावर 2027 चा मध्य असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. एवढ्यावर थांबती तर बरं होतं. तिला इतर मालिकांचंही भविष्य हवं झालं. बरेच दिवस निरोप ठीक येत होते. मग एके दिवशी पुतण्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘‘तिचा पहिला नवरा परत येतोय. कतारहून. आणि जमिनीवर हक्क सांगतोय.’’

घरात सन्नाटा. नायिकेला पहिला नवरा होता हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आत्याने रात्रभर जुने भाग आठवून पाहिले. नायिका मंगळसूत्राकडे बघून एकदा दचकली होती, ते हेच! दुसऱ्या दिवशी कुंडावर बातमी गेली, तिसऱ्या दिवशी शेजारच्या गणेशपुरीपर्यंत पोचली, चौथ्या दिवशी तिकडून ‘नवरा कतारला नव्हता, कुवेतला होता’ अशी सुधारणा होऊन परत आली. आठवड्याने खुलासा झाला. सुपरवायझर त्या दिवशी मालिकेबद्दल बोलतच नव्हता. त्याच्या गावाकडच्या चुलत बहिणीची हकीकत सांगत होता. तरी आत्या अधूनमधून विचारते, ‘‘त्या जमिनीचं काय झालं रे?’’

शनिवार-रविवारी मुंबईहून लोक कुंडांवर येतात. ते बिचारे विचारतात, पाण्यात गंधक आहे का, किती वेळ बसावं, साबण चालतो का. आम्ही विचारतो, कुठून आलात? गोरेगाव म्हणाले की बसायला सतरंजी, कारण फिल्मसिटी तिथे आहे. घोडबंदर रोड म्हणाले तर सतरंजी आणि चहा, कारण आपल्या निम्म्या मालिकांमधले वाडे, हॉस्पिटलं आणि पोलिस ठाणी त्या रस्त्याच्या आजूबाजूला उभी असतात असा आमचा समज. डोंबिवलीकरांना आम्ही फक्त रस्ता दाखवतो.

मागे घोडबंदरचे एक गृहस्थ सापडले. ते एसी दुरुस्त करत आणि एकदा खरोखर एका सेटवर जाऊन आले होते. त्यांना कुंडाच्या मधोमध जागा देण्यात आली.

‘‘कसं होतं आत?’’

‘‘गरम होतं. एसी बंद होता, म्हणूनच बोलावलं होतं.’’

काठावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एसी बंद म्हणजे खर्चात कपात. खर्चात कपात म्हणजे मालिका जाणार.

‘‘मग दुरुस्त केलात?’’

‘‘केला ना. नवीन कॉम्प्रेसर घातला.’’

नवीन कॉम्प्रेसर म्हणजे वॉरंटी वर्षभराची. म्हणजे वर्षभर मालिका चालणार. पाच मिनिटांत मालिका मेली आणि जिवंत झाली. गृहस्थ नुसते आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या पाठीला पुरळ आलं होतं, त्यासाठी ते आले होते.

असाच एक जनरेटरच्या गाडीचा किस्सा. गणेशपुरीच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसमध्ये जनरेटरची गाडी शिरताना दूधवाल्याने पाहिली. मागून पांढऱ्या छत्र्या, दिवे, आणि कपड्यांनी भरलेली गाडी. नव्या मालिकेचं चित्रीकरण! दुपारपर्यंत कुंपणाबाहेर आमची गर्दी. आत एक सुंदर मुलगी, एक दाढीवाला मुलगा, दोघे फिरून फिरून एकाच झाडाभोवती येत होते. आत्याने कुंपणावरून हाक मारली, ‘‘ए बाळा, वेळ कितीची?’’

मुलगी लाजली. ‘‘दुपारी 12 वाजून 40 मिनिटांची.’’

‘‘दुपारी? सुरुवातच दुपारी?’’ आत्या हादरली. ‘‘आणि सासू कोण आहे?’’

मुलीने दूर खुर्चीवर बसलेल्या एका बाईंकडे बोट दाखवलं. आत्याने त्यांच्या भुवयांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘जपून राहा गं. पहिले तीन महिने गोडच असतात त्या.’’ ते प्री-वेडिंग शूट होतं. सासूबाई उठून जवळ येईपर्यंत आम्ही निम्मा रस्ता कापला होता.

जुन्या लोकांना हा सगळा थिल्लरपणा वाटतो. आमचे काका दूरदर्शनच्या काळातले. मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, आणि पुढे ‘साप्ताहिकी’ नावाचा कार्यक्रमच असे, ज्यात निवेदिका येऊन पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते शांतपणे सांगून जायची. काका अजून हळहळतात, ‘‘वही-पेन घेऊन बसायचो आम्ही. अफवेला जागाच नव्हती.’’ जागा नव्हती हे खोटं आहे. गावात टीव्ही दोन, लाइटचा भरवसा शून्य. नेमकी चित्रपटाच्या नावाला लाइट जायची. मग शनिवारच्या मराठी सिनेमाबद्दल अख्खा आठवडा पैजा लागायच्या आणि शनिवारी ‘व्यत्यय’ अशी पाटी लागायची. पाटीचं भाकीत मात्र काका दरवेळी बरोबर करत.

आता वळू टीआरपीच्या मीटरकडे, कारण या मीटरमुळे आमच्या आळीतली दोन घरं अजून एकमेकांकडे गणपतीला जात नाहीत.

गुरुवार हा दत्ताचा वार, तसा टीआरपीचाही. त्या दिवशी आकडे येतात. हे आकडे येतात कुठून, तर देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत टीव्हीला मीटर जोडलेलं असतं; घरात कोण काय बघतंय ते त्यावर नोंदलं जातं आणि त्यावरून अख्ख्या देशाची आवड ठरते. कुणाच्या घरी मीटर आहे हे गुप्त ठेवतात. ‘गुप्त’ म्हटल्यावर आमच्याकडे शोध सुरू झाला. किराणा दुकानामागच्या भाऊंच्या घरी टीव्हीच्या वर भिंतीवर एक छोटा काळा डबा आहे, हिरवा दिवा लागतो आणि मध्येच पींप वाजतो, अशी खबर आली. भाऊंना विचारलं तर काही सांगत नाहीत. (भाऊ कशाबद्दलच काही सांगत नाहीत, हा भाग वेगळा.)

आमच्या बाजूच्या वहिनींनी साडेसातच्या बचावासाठी पुढाकार घेतला. संध्याकाळी सात-आठ बायका चिवड्याचा डबा घेऊन भाऊंच्या घरी टीव्ही बघायला गेल्या. भाऊंना वाटलं, बायकोचा वाढदिवस विसरलो. त्यांनी घाईघाईने पेढे आणवले. दुसऱ्या दिवशी आठच्या मालिकेचा गट थालीपीठं घेऊन हजर. त्यांनी साडेसातपासूनच जागा धरली आणि साडेसातला भलतंच चॅनेल लावलं, म्हणजे साडेसातवाल्यांचा आकडा पडेल. तिसऱ्या दिवशी रिमोटच्या बॅटऱ्या गायब. चौथ्या दिवशी दोन्ही गटांनी आपापल्या बॅटऱ्या आणल्या.

‘‘वहिनी, तुम्ही काल पण होतात. आज आम्हाला मोजू द्या.’’

‘‘मोजतंय का बघा तरी आधी. वाजलं नाही अजून.’’

तेवढ्यात पींप झाला. साडेसातवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुंबईत पैसे चारून मीटरच्या घरांत ठरावीक चॅनेल लावून घेतात अशा आरोपांचा तपास पोलिसांनी ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू केला होता. आमचा प्रकार तेवढा गंभीर नव्हता. आम्ही फक्त चिवडा चारत होतो. भाऊंची तब्येत या काळात सुधारली. भाऊंची बायको मात्र दोन्ही गटांच्या चहाला कंटाळली आणि एका संध्याकाळी भर मालिकेत म्हणाली, ‘‘तो डबा ना? गच्चीवरच्या टाकीचा आहे तो. पाणी भरलं की वाजतो.’’

बायका निःशब्द. खाली नळ चालू होता, वर टाकी वाहत होती आणि आम्ही इतके दिवस ते ओव्हरफ्लो आमच्या मालिकेच्या खात्यात जमा करत होतो. त्यातही वहिनींचं म्हणणं कायम आहे, की तो पींप साडेसातलाच जास्त वाजायचा. आठवाल्या म्हणतात, नळाला पाणीच सातला येतं. यावरूनच ते गणपतीचं झालं.

एकदा मी दोन्ही गटांना समजावायला गेलो, की बायांनो, मालिकेचं भविष्य ब्रह्मदेवालाही कळत नाही, तुम्ही का भांडता? ‘चार दिवस सासूचे’ नावाची मालिका 2001 मध्ये सुरू झाली आणि 2013 उजाडलं तेव्हा संपली, तीन हजारांवर भाग झाले. ते चार दिवस ज्या पोरींनी बघायला सुरुवात केली, त्यांच्या तोवर मुंजी लावून झाल्या. म्हणजे त्यांच्या मुलांच्या. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की महाराष्ट्राने तिच्या बाळाच्या आधी विनोदांना जन्म दिला. आणि अण्णा नाईकांचं काय? ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात 2016 मध्ये माणूस सुरुवातीलाच मेला. दुसरं पर्व 2019 मध्ये काळाच्या मागे गेलं, तर हा जिवंत, शेवंताबरोबर ठणठणीत. तिसऱ्यात भूत होऊन हजर. ज्या धंद्यात मरणसुद्धा कायम नोकरीत घेत नाहीत, तिथे तुम्ही स्लॉटवर काय पैजा लावता?

भाषण चांगलं झालं. शेवटी वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘भावोजी, तुम्ही तर पेपर वाचता ना त्या वेळी?’’

तरुणांचा रस वेगळ्या गोष्टीत. त्यांना स्लॉटशी देणंघेणं नाही, ते ‘बिग बॉस मराठी’च्या याद्या काढतात. पहिली चार पर्वं महेश मांजरेकरांनी चालवली, पाचवं 28 जुलै 2024 ला रितेश देशमुखांबरोबर सुरू झालं. त्याआधी महिनाभर आमच्या टपरीवर घरात जाणाऱ्यांची रोज नवी यादी लागायची, आणि तिच्यातला निम्मा महाराष्ट्र स्वतःच्याच घरी सापडायचा. यादीत शेवटचं नाव टपरीवरच्याच एका पोराचं असे, कारण त्याला रीलवर बऱ्यापैकी लोक ओळखत. त्याला कोणी बोलावलं नाही. पण 70 दिवसांनी ट्रॉफी जिंकली ती बारामतीजवळच्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणने, आणि तोही रीलवालाच. त्यानंतर अकलोलीच्या कुंडात मोबाइल घेऊन उतरणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं. दैत्यांचं रक्त किती गरम असतं याचा अनुभव बऱ्याच कंपन्यांच्या मोबाइलना आला.

तर, यंदाच्या पैजा. कुंडावर वडापावाच्या पैजा लागल्या. कुंडावरच्या बैठकीतल्या कंडक्टर काकांनी साडेसात लावलं. आत्याने नऊवर पैज घेतली. आठच्या वाटेला मुद्दाम गेली नाही, देवीला अविश्वास वाटायला नको. टपरीवाला ‘कुणी जात नाही’वर बसला, कारण त्याला वाद नको होता, गिऱ्हाईक हवं होतं. मी पैज लावली नाही, कारण मी बघत नाही. फक्त बायकोच्या नावाने साडेसहावर दोन वडापाव ठेवले.

आणि एका रात्री प्रोमोत वेळ झळकली. सोमवारपासून, पावणेआठ वाजता.

पावणेआठ! घड्याळात असा आकडा असतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो. कंडक्टर काकांनी दोनदा टीव्हीजवळ जाऊन बघितलं. पुढच्या दोन दिवसांत उलगडा झाला. साडेसातची पंधरा मिनिटांची झाली, आठची सव्वाआठला सरकली, पुढच्या सगळ्या थोड्या थोड्या कुल्ल्याने ढकलून बसल्या आणि कोणीच गेलं नाही. टपरीवाला जिंकला. स्वतःच तळलेले वडापाव स्वतःच खायचे की पैसे घ्यायचे, यावर त्याच्याशी अजून बोलणी चालू आहेत. आत्याने देवीला दोष दिला नाही. ‘‘मी अर्धा तास मागितला होता, तो दिलान. किती वाजताचा, ते मीच बोलायची राहिले.’’

खरा गोंधळ घरोघरी झाला. साडेसातच्या ब्रेकला लागणारा कुकर आता कधी लावायचा? वडिलांची साखरेची गोळी ‘आठची सुरू झाली की’ या घड्याळावर चालायची, ती सव्वाआठपर्यंत लांबली. पोरांचा अभ्यास, गुरांचं पाणी, शिळोप्याच्या गप्पा, सासू-सुनांची भांडणं, सगळ्यांना पंधरा मिनिटं इकडे-तिकडे व्हावं लागलं.

त्यात तो सोमवार म्हणजे पलीकडच्या आळीतल्या मुलाच्या हळदीचा. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कारभार. मांडव, डीजे, नाचणारे, आणि जेवणाच्या पंगती मध्यरात्रीपर्यंत. पत्रिकेत हळद लागण्याची वेळ छापलेली, सायंकाळी पावणेआठ. नवऱ्यामुलाची आई हवालदिल होऊन आत्याकडे आली.

‘‘आता काय करू? पयल्याच दिवशी बायका येतील का? आणि धवलारीण आजीला काय तोंडानं सांगू, की वेळ बदला? ती जुनी माणूस. धवले गाऊन देव बोलावते ती. शिव्या देईल मला.’’

आत्या, ती, आणि सोबत धीर द्यायला मी, असे आम्ही धवलारीण आजींकडे गेलो. आजी ओटीवर सुपारी कातरत होत्या. नवऱ्यामुलाच्या आईने पदर सावरला, कुलदेवतेपासून सुरुवात केली, पाहुणे लांबचे आहेत असं म्हणाली, रात्री विंचवाकाट्याचं भय म्हणाली, डीजेला परवानगी दहापर्यंतच असते म्हणाली.

आजींनी अडकित्ता खाली ठेवला.

‘‘सातला हळद लावा. साडेसातला मी देव घालवते. मला पण घरी जायचंय.’’